गांज्याचा झुरका मारून सिनेमा बघायला बसताय? या चुका टाळा

एकदा आम्ही चौघं 'इन्सेप्शन' लावून बसलो होतो. स्वप्नाच्या पोटात स्वप्न, त्याच्या पोटात आणखी एक. हाय असताना असलाच काहीतरी डोकं गरगरवणारा सिनेमा बघायचा असतो, अशी आमची पक्की समजूत. मध्येच एकाला तहान लागली म्हणून सिनेमा थांबवला. माझ्या हिशेबाने दोन तास कधीच उलटून गेले होते, आता शेवटचीच मारामारी बाकी असणार. पडद्याच्या तळाशी आकडा होता ३८ मिनिटांचा. मग आत्ता चाललं होतं ते स्वप्नात की जागेपणी, यावर आमची जुंपली. चौघांची चार मतं. वाद फार रंगला, सिनेमा मात्र तिथेच राहिला.

त्या रात्री जे झालं तेच बहुतेकांचं होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. गांज्यातला टीएचसी (नशा आणणारा घटक) मेंदूच्या ज्या भागांवर बसतो, त्यात हिप्पोकॅम्पस येतो. 'आत्ताच काय झालं' हे धरून ठेवण्याचं काम त्याचं. ती पकड सैल होते. वेळेचा अंदाजही ताणला जातो आणि पाच मिनिटं पंधरा वाटायला लागतात. उलट रंग, आवाज, पोत, एखाद्याच्या चेहऱ्यावरची बारीकशी हालचाल यांत माणूस नको तितका रमतो. सिनेमा निवडताना एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात : धागा सुटला तरी ज्याचं काही बिघडत नाही, तो सिनेमा लावावा.

(हे सगळं गांजा जिथे कायद्याने चालतो तिथल्या सज्ञान माणसांसाठी आहे. स्वतःला किंवा घरात कुणाला सायकोसिससारखा आजार असेल, हृदयाचं दुखणं असेल, किंवा गरोदरपण असेल, तर नुसता सिनेमा बघावा. तोही छान असतो.)

'ट्रिपी' म्हणून जे सांगतात ते डोळे मिटून लावणं

ही सगळ्यात मोठी चूक. अशा याद्यांमध्ये हमखास असतात ते गुंतागुंतीचे सिनेमे : काळ मागेपुढे, शेवटी कलाटणी, कोण खरा कोण खोटा. म्हणजे नेमकी जी शक्ती आपण तासाभरासाठी गहाण टाकली आहे, तीच मागणारे. पहिल्या दहा मिनिटांत दाखवलेलं लॉकेट शेवटी कुणाच्या गळ्यात सापडतं, यावर सगळा डोलारा उभा असेल, तर तुमच्या लेखी ते लॉकेट कधी नव्हतंच.

'२००१ : अ स्पेस ओडिसी'चं उदाहरण घ्या. १९६८ चा सिनेमा. पुढे त्याची जाहिरातच 'द अल्टिमेट ट्रिप' म्हणून झाली, तेव्हापासून तो प्रत्येक यादीत आहे. शेवटाकडचा रंगांचा बोगदा विलक्षण आहे, वादच नाही. पण सुरुवातीची जवळजवळ २५ मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. ताणलेल्या वेळेत ती २५ मिनिटं तासाभराची होतात. माझ्या ओळखीतले निम्मे लोक सुरुवातीच्या माकडांच्या प्रसंगापाशीच झोपले. तो बघायचाच असेल तर आधी एकदा शुद्धीत बघून ठेवा. मग दुसऱ्यांदा खरी मजा आहे, कारण काय चाललंय याची काळजी उरत नाही.

आधी पाहिलेला सिनेमा या कामी फार उपयोगी. 'अशी ही बनवाबनवी' कितव्यांदा बघतोय हे कुणाला आठवत नाही, पण पुढचं वाक्य सगळ्यांना आठवतं. ते तोंडपाठ असणं इथे कामाला येतं. मध्ये हरवलात तरी पुढच्या प्रसंगात आपोआप सापडता. शिवाय इतकी वर्षं न दिसलेल्या गोष्टी दिसतात : मागे उभ्या असलेल्या नटाचा चेहरा, भिंतीचा रंग, कुणीतरी मोठ्या मुश्किलीने दाबलेलं हसू.

कसं घेतलं आणि सिनेमा किती लांब, याचा मेळ न घालणं

झुरका काही मिनिटांत चढतो, अर्ध्या तासाच्या आत टोकाला पोचतो आणि दोन-तीन तासांत बराचसा उतरतो. म्हणजे दीड-दोन तासांचा सिनेमा त्यात नीट बसतो. खाण्यातून घेतलं तर गणितच वेगळं. चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ, जोर दोन ते चार तासांनी, आणि सगळं मिळून सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते आणखी जोरकस असतं. त्यामुळे 'तेवढाच तर घेतला होता' हा हिशेब लागू पडत नाही.

इथे घडणारी चूक ठरलेली आहे. नावं पडद्यावर येताना एक तुकडा खाल्ला. अर्धा सिनेमा झाला तरी काही नाही. 'मालच भिकार' असं म्हणून दुसरा खाल्ला. सिनेमा संपून दिवे लागले आणि दोन्ही तुकडे हातात हात घालून आले. आता समोर कोरा पडदा आणि पुढचे पाच तास. मी हे केलेलं आहे. त्या रात्री टीव्हीच्या मेनूमधली निळी पट्टी मी किती वेळ बघत होतो ते सांगवत नाही.

तेव्हा दुसरा तुकडा त्या रात्री नाहीच. नवख्याने अडीच मिलिग्रॅम टीएचसीच्या पुढे जाऊ नये. पाकिटावर जो 'एक भाग' लिहिलेला असतो तो बऱ्याच ठिकाणी १० मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे त्याच्या चौपट. आणि पाकीट खाऊच्या वाडग्याशेजारी ठेवू नका. भूक खवळली की हात अंधारात दिसेल ते उचलतो. ते कपाटात, उंचावर, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असं ठेवून मगच बसा.

भुताचा सिनेमा 'मजा म्हणून'

टीएचसीने नाडी तशीही वाढते. त्यात पडद्यावर दार करकरलं की ती आणखी वाढते. छातीत धडधडतंय एवढं कळतं, कशामुळे ते कळत नाही, आणि मग मन त्याला कारण शोधायला लागतं. शुद्धीत आपण दचकतो आणि हसतो. इथे दचकणं आणि हसणं यांच्यामधली जागा लांबते, आणि भीती तिथेच घर करते. 'तुंबाड' मला अतिशय आवडतो. तो पाऊस, ते ओले चिरे, तो वाडा बघून वाटतं की अशा वेळी हेच डोळ्यांना मिळावं. पण ज्याला कधीकधी गांज्याने घाबरायला होतं त्याने तो दुपारी, उजेडात, कोरडाच बघावा.

भयपट ओळखता येतो, खरे फसवतात ते दुसरे. विनोदी म्हणून लावलेल्या सिनेमात कुणाचं तरी मरण, व्यसनावरचे सिनेमे, आई-मुलाचं जीवघेणं भांडण, कोर्टात अडकलेला निरपराध माणूस. अशा वेळी पडद्यावरची लाज आपली वाटते. कुणाची तरी चारचौघांत फजिती करून हसवणारे विनोदी सिनेमे मला म्हणूनच चालत नाहीत. बाकीचे लोटपोट होत असतात आणि मी उशीमागे तोंड लपवतो.

मग लावायचं काय?

छोटे आणि शांत. 'माय नेबर टोटोरो' १९८८ चा, ८६ मिनिटांचा, आणि त्यात खलनायकच नाही. पाऊस पडतो, झाड वाढतं, बस येते. आईच्या आजारपणाची एक काळजी तेवढी आहे, पण ती निवळते. तुकड्यातुकड्यांचे सिनेमेही उत्तम, कारण दर थोड्या वेळाने सगळं नव्याने सुरू होतं. डिस्नेचा १९४० चा 'फँटेझिया' तसा. १९६९ मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा त्याचं पोस्टरच त्या पिढीला रुचेल असं सायकेडेलिक केलं होतं. शेवटाकडे डोंगरावरचा सैतान येतो, तेवढं बरोबरच्यांना आधी सांगून ठेवा.

शब्दच नसलेले सिनेमे म्हणजे 'बराका', १९९२. २४ देशांत, ७० मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेला. कथा नाही, संवाद नाहीत, त्यामुळे हरवायला धागाच नाही. त्याच जातकुळीतला 'कोयानिसकात्सी' (१९८२) मी मात्र जपून सुचवतो. मधल्या भागात शहरं, मोटारी, माणसं इतक्या वेगाने धावायला लागतात आणि संगीत असं चढत जातं की काहींना मस्त वाटतं, काहींचा जीव गुदमरतो. तुम्ही कुठल्या गटातले हे ठाऊक नसेल तर आधी 'बराका'.

आणि गांज्यावरचेच सिनेमे? एखादा ठीक. १९३६ मध्ये लोकांना घाबरवायला काढलेला 'रीफर मॅडनेस' सत्तरच्या दशकात कॉलेजातली पोरं हसायला म्हणून बघायला लागली, ते आजतागायत. पण बाकीच्या बऱ्याच सिनेमांत एकच विनोद पावणेदोन तास चघळलेला असतो.

बारीकसारीक, पण रात्र बिघडवणारं

सबटायटल. वाचायचं तर चित्र सुटतं, चित्र बघायचं तर ओळ निघून जाते, आणि एखादा शब्दच इतका गमतीदार दिसतो की पुढचे तीन संवाद त्यात जातात. आपल्या भाषेतला किंवा बिनशब्दांचा सिनेमा बरा.

आवाज. कुजबुज ऐकू येईना म्हणून वाढवावा आणि पुढच्याच क्षणी स्फोट व्हावा. बऱ्याच टीव्हींमध्ये 'नाइट मोड' असतो, तो हा चढउतार सपाट करतो. तो आधीच लावून ठेवा, कारण नंतर सेटिंगमध्ये शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. खोलीत एखादा मंद दिवा राहू द्या. मिट्ट काळोखात पडदा फार जवळ आल्यासारखा वाटतो.

पाणी हाताशी हवं. तोंड कोरडं पडतं कारण टीएचसी लाळग्रंथींचं काम मंदावतो. दारू नको. दोन्ही एकत्र घेतलं की टीएचसी रक्तात जास्त चढतो, आणि चक्कर, मळमळ, घाम सुरू झाला की सिनेमा बाथरूमच्या दारातून ऐकायची वेळ येते.

सिनेमा आधी ठरवा. चढल्यावर निवडायला बसलेली चार माणसं फक्त ट्रेलर बघतात. थिएटरला जायचं म्हणाल तर माझं मत विरुद्ध आहे : थांबवता येत नाही, उठायचं तर दहा गुडघे ओलांडायचे, आणि परत येताना गाडी चालवायचा प्रश्नच नको. झुरका उतरलाय असं वाटलं तरी गाडी नाही. खाऊन घेतलं असेल तर ती रात्र घरीच.

मध्येच कुणाचं बिनसलं तर

धडधड, घाम, 'मला काहीतरी होतंय' असं कुणी म्हणालं, तर सिनेमा लगेच बंद. 'थांब, हा सीन बघ, मग बरं वाटेल' हे सगळ्यात वाईट औषध. दिवा लावा, त्याला टेकून बसवा, घोटघोट पाणी द्या, श्वास सावकाश सोडायला सांगा. काय घेतलं, किती वाजता घेतलं आणि साधारण किती वाजता उतरेल, हे त्याला आकड्यांत सांगा. नशेत वेळ संपतच नाही असं वाटत असतं, त्यामुळे घड्याळाचा आधार फार मोठा. चारांतला एक काहीच न घेतलेला असला तर हे काम त्याचं. मग पाहिजे तर ओळखीचं, हलकं काहीतरी बारीक आवाजात लावा. कार्टून, किंवा मासे पोहतानाचा माहितीपट. छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय, माणूस हाकेला ओ देत नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा नसलेलं दिसायला लागलंय, असं असेल तर डॉक्टरकडेच. तिथे काय घेतलं ते खरं सांगायचं. लहान मुलाने चुकून खाल्लं असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना.

दुसऱ्या दिवशीची चूक

रात्री जो सिनेमा आयुष्यातला सर्वोत्तम वाटला, तो सकाळी दहा जणांना कळवू नका. आधी एकदा शुद्धीत बघा. माझ्या फोनमध्ये अशा रात्रींची टिपणं आहेत. एका ठिकाणी लिहिलंय, 'खुर्चीला सगळं आधीपासून माहीत होतं!!' पुढे तीन वेळा 'खुर्ची'. सिनेमाचं नाव लिहायचं राहिलं. त्यानंतर बरेच सिनेमे खुर्च्यांकडे लक्ष ठेवून पाहिले, अजून तरी ती सापडलेली नाही.