स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर मनाला आधार: काय मागावे, कसे मागावे

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर सुरुवातीला घरात माणसांची वर्दळ असते. टाके, जखमेतील स्राव बाहेर काढणारी नळी आणि औषधांच्या वेळा यांतच सगळे गुंतलेले असतात. मन खचते ते पुष्कळदा त्यानंतर, म्हणजे रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होऊन ‘आता झालीस ना बरी’ असे म्हणत मंडळी आपापल्या कामाला लागल्यावर. त्यामुळे सगळी मदत पहिल्या पंधरवड्यातच खर्ची घालू नये; काही जणांना पुढच्या महिन्यांसाठी आधीच सांगून ठेवावे.

मदत मागताना नेमके काम सांगावे. ‘काही लागले तर सांग’ असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण काय करायचे हे त्यालाही ठाऊक नसते आणि तुम्हीही संकोचाने गप्प राहता. त्याऐवजी ‘मंगळवारी तपासणीला माझ्याबरोबर ये आणि डॉक्टर सांगतील ते लिहून घे’ असे म्हटले, की त्याला होकार देणे सोपे जाते. चौकशीचे फोन घरातल्या एकाच व्यक्तीकडे सोपवावेत, कारण तीच हकीकत प्रत्येकाला नव्याने सांगणे फार थकवणारे असते.

वण पाहण्याची घाई नको, पण ते महिनोन्‌महिने टाळूही नये. ड्रेसिंग बदलताना परिचारिका जवळ असेल, तेव्हा पहिल्यांदा पाहिलेले बरे. कोणती सूज नेहमीची आणि कोणती लगेच दाखवावी, हे तिथल्या तिथे विचारता येते. काढून टाकलेल्या स्तनाच्या जागी खाज किंवा कळ जाणवणे, दंडाची आतली बाजू बधिर वाटणे, हे मनाचे खेळ नव्हेत. शस्त्रक्रियेत नसा दुखावल्यामुळे किंवा कापल्या गेल्यामुळे तसे होते. जोडीदार अनेकदा ‘तिला दुखेल’ या भीतीने दूर राहतो आणि तिला मात्र आपण नकोशा झालो असे वाटते. कुठे हात लावलेला चालेल आणि कुठे नाही, एवढे स्पष्ट सांगितले तरी ही कोंडी पुष्कळशी सुटते.

‘सकारात्मक राहा’ हा सल्ला देणाऱ्यांनी थोडा आवरता घ्यावा. रडल्याने कर्करोग परत येत नाही. हसरा चेहरा टिकवण्याचे ओझे मात्र रुग्णाला दमवते. अशा वेळी याच वाटेने गेलेल्या स्त्रीशी झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. स्वतः ही शस्त्रक्रिया झालेल्या तेरेस लासर यांनी १९५२ साली अमेरिकेत अशा भेटींचा उपक्रम सुरू केला. गटात बोलणे सगळ्यांनाच मानवते असे नाही. एकच मैत्रीणही पुरेशी ठरू शकते.

तपासणीची तारीख जवळ आली की धास्ती वाढणे स्वाभाविक आहे. मात्र उदासी, झोप उडणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना सांगावे. जगणे नकोसे वाटू लागल्यास त्याच दिवशी मदत घ्यावी. टॅमॉक्सिफेन हे स्तनाचा कर्करोग परतू नये म्हणून दिले जाणारे औषध चालू असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना त्याची आवर्जून कल्पना द्यावी, कारण पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे शरीरात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होण्यात अडथळा आणतात. त्यांना पर्याय असतात. तो निवडण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे आणि कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.