आठ गळ्यांत बाख

“अजून चार-सहा आवाज मिळू देत, मग बाख करू,” असं म्हणत वर्षानुवर्षं थांबलेले ग्रुप मी पाहिलेत (बाख म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार). त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबू नका. मी मूळची मिरजेची, बरीच वर्षं जर्मनीत लायप्झिगला आहे. आमचा आठ जणांचा हौशी ग्रुप आहे: तीन सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), दोन अल्टो (बायकांचा खालचा, त्यातली एक मी), एक टेनर (पुरुषांचा उंच), दोन बास (पुरुषांचा खालचा). एवढ्यांत आम्ही ‘येझू, माइने फ्रॉयडं’ (येशू, माझा आनंद) हे बाखचं अकरा भागांचं मोटेट, म्हणजे अनेक आवाजांसाठीची धार्मिक रचना, दोनदा गायलो. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं. मधल्या वर्षात जे शिकलो ते इथे लिहिते.

फसलं का, ते आधी. आम्ही आठ जण चाळीस जणांसारखं वाजायला बघत होतो. जो तो आवाज फुगवत होता. सातव्या भागापर्यंत गळे दमले आणि शेवटी आम्ही जवळजवळ अर्धा सूर खाली उतरलो होतो. छोट्या ग्रुपने मोठ्या कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, नक्कल करायची नसते. हे संगीत मुळात भल्यामोठ्या घोळक्यासाठी लिहिलेलंच नाही. बाखने २३ ऑगस्ट १७३० रोजी लायप्झिगच्या नगर परिषदेला लिहिलेल्या निवेदनात एका गायकवृंदाला किमान बारा, जमल्यास सोळा जण मागितलेत, आणि त्यात आजारी पडणाऱ्यांचाही हिशोब धरलाय. १९८१ मध्ये जोशुआ रिफ्किन या अमेरिकन संगीतकाराने तर अशी मांडणी केली की बाखचं बरंचसं संगीत एका ओळीला, म्हणजे एकेका आवाजाच्या स्वतंत्र चालीला, एकच गायक अशा रीतीने गायलं जायचं. वाद अजून चालू आहे. मला त्यातून मिळालं ते धैर्य: पाच जण पाच ओळी गातात (सोप्रानोच्या दोन, बाकी आवाजांची एकेक) तेव्हा काही कमी पडत नाही.

अगदीच नवीन असाल तर बाखपासून सुरुवात करू नका, हाइनरिश श्यूट्झ या बाखच्या आधीच्या जर्मन संगीतकारापासून करा. तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीतले गायक-वादक पांगले, तेव्हा त्याने ‘क्लाइने गाइस्टलिशे कॉन्त्सेर्ते’ (छोट्या धार्मिक रचना) हे दोन संग्रह काढले, १६३६ आणि १६३९ मध्ये. एक ते पाच आवाज आणि साथीला ऑर्गन, बस. माणसं कमी आहेत हे मनाशी धरूनच लिहिलेलं संगीत. दोघी-तिघी असाल तरी उद्यापासून सुरू करता येईल.

आता वाटणी. एका ओळीवर एक जण असेल तर उत्तम, तिघं असतील तरी चालतं, पण दोघं सगळ्यात अवघड. दोन आवाजांतला केसाएवढा फरकही उघडा पडतो. तिसरा आला की तो त्यात विरून जातो. म्हणून आम्ही फ्यूगसारखे (एकच धून आवाज एकामागून एक उचलतात तसे) गुंतागुंतीचे भाग पाच जणांत गातो आणि कोरालला, म्हणजे जिथे सगळे एकाच वेळी एकच शब्द म्हणतात तिथे, आठही जण येतो. तिथे अल्टोला आणि बासला दोघं होतात. मग आधीच ठरवायचं, मुख्य कोण. दुसऱ्याने गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यासारखं गायचं, सूर भरून काढायचा, पुढे यायचं नाही.

वाटणी ठरली की एका कागदावर तक्ता करा: कुठल्या भागात कोण गप्प आहे. आम्ही हे पहिल्या वेळी केलं नाही. या मोटेटमध्ये टेनरला विश्रांती एकाच भागात आहे, चौथ्या. तो दोन सोप्रानो आणि अल्टोचा आहे. आठवा अल्टो, टेनर आणि बासचा. नवव्यात बास नाही, टेनर आहेच. टेनर एकटाच असेल तर तालमीत त्याच्याकडून सगळं पुन्हा पुन्हा गाऊन घेऊ नका. अर्ध्या वेळा त्याने नुसते शब्द म्हणावेत.

शब्द तर सगळ्यांनीच आधी म्हणायचे. पहिल्या दोन तालमी आम्ही गात नाही, लयीत वाचतो. मराठी माणसाला इथे एक अडचण येते: आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. जर्मनमध्ये ‘फ्रॉयडं’ म्हणताना जोर ‘फ्रॉय’वर, आणि ‘डं’ अगदी हलकं, जवळजवळ गिळलेलं. प्रत्येक शब्दाचं हलकं अक्षर हलकं ठेवलंत तर निम्मा चढउतार आपोआप येतो. त्या काळच्या स्वरलिपीत आवाज मोठा-लहान करण्याच्या खुणा फारच थोड्या असतात, कारण ते काम शब्द करतात.

दुसऱ्या भागाची सुरुवात बघा. ‘एस इस्ट नून निश्ट्स’. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वाक्य आहे, ख्रिस्तात असणाऱ्यांना आता कसलीही दंडाज्ञा नाही. त्यातल्या ‘निश्ट्स’वर, म्हणजे ‘काहीही नाही’ या शब्दावर, बाख थांबतो. शब्द, मग शांतता. पुन्हा शब्द, पुन्हा शांतता. ही शांतताच त्या शब्दाचा अर्थ आहे. पण शेवटचा ‘ट्स’ पाच जणांनी पाच वेळा टाकला तर शांततेच्या जागी फुसफुस ऐकू येते. आम्ही असं केलं: विरामाची मात्रा जिथे सुरू होते नेमका तिथे ‘ट्स’, आणि ‘स’ फक्त दुसऱ्या सोप्रानोने म्हणायचा. बाकीचे ‘ट’वर थांबतात. बरोबर जमलं त्या संध्याकाळी विरामात रस्त्यावरची ट्राम ऐकू आली आणि कुणीच हललं नाही. (मधला ‘श’ आपला श नव्हे. ‘ई’ म्हणताना जीभ तिथेच ठेवून नुसती हवा सोडा.)

श्वासाचंही आधी ठरवा. मोठ्या कॉयरमध्ये शेजारी गात असतो, तुम्ही गुपचूप श्वास घेता. इथे तुम्ही थांबलात की ओळच थांबते. स्वल्पविराम बघून पेन्सिलने खुणा करा आणि श्वासाचा वेळ आधीच्या स्वरातून कापा. पुढचा स्वर कधीही उशिरा येता कामा नये.

आता सुरांबद्दल, कारण माझा जीव इथे अडकलाय. पियानोवर तालीम करू नका. सुरुवातीचा स्वर घ्या आणि झाकण बंद करा. पियानोचे सूर सगळ्या पट्ट्यांत चालावेत म्हणून थोडे थोडे सरकवलेले असतात. त्याचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा आहे आणि कोमल गंधार सुमारे १६ सेंट उतरलेला. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, त्यामुळे हा फरक कानाला चांगलाच कळतो. सतराव्या शतकात ऑर्गन बऱ्याच ठिकाणी असे लावलेले असत की महत्त्वाच्या स्वरसंगतींतला गंधार अगदी शुद्ध यावा. म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच.

म्हणून मी तालमीला मिरजेहून आणलेला तंबोरा नेते. मोटेट ई मायनरमध्ये आहे, म्हणजे हार्मोनियमची पांढरी तीन. पण आम्ही बरोकसाठी, म्हणजे बाख-श्यूट्झच्या काळच्या संगीतासाठी, आज रूढ असलेली ४१५ हर्ट्झची पट्टी धरतो. ती आजच्या ४४० पेक्षा अर्धा सूर खाली असते, म्हणून तंबोरा काळी दोनला लावते. बासने सा धरायचा, टेनरने पंचम, सोप्रानोने वरचा सा. गंधार सगळ्यात शेवटी. तो बहुतेकदा माझ्याकडे असतो. मी मुद्दाम थोडा चढा लावते आणि हळूहळू खाली सरकते. आधी स्वरसंगतीत थरथर ऐकू येते, मग ती मंदावते, आणि एका जागी पूर्ण थांबते. तिथे सगळ्यांना आपल्यापैकी कुणीच न गायलेले स्वर वरून ऐकू येतात. आमच्या बासने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा गाणं थांबवून वर बघितलं. रोज पाच मिनिटं, एवढाच हा सराव. नंतर कोमल गंधारासाठी हेच, तंबोरा बाजूला ठेवून आणि उलट दिशेने, खालून वर.

आंदोलन, म्हणजे व्हायब्रेटो, पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. पण स्वर आधी सरळ लागू द्या, मग लांब स्वरावर हवं तर हलू द्या.

लयीबद्दल एकच गोष्ट. तीन मात्रांच्या भागात, ओळ संपत आली की अनेकदा तीन-तीनच्या दोन आवर्तनांऐवजी दोन-दोनचे तीन गट पडतात. दादऱ्याच्या सहा मात्रा ३+३ ऐवजी २+२+२ अशा टाळीवर मोजून बघा. स्वरलिपीतल्या उभ्या रेषा हे दाखवत नाहीत, म्हणून शोधून कंस करा.

साथीला छोटा ऑर्गन आणि चेलो मिळाला तर जरूर घ्या. मोटेट नेहमी साथीविनाच गायचं हा समज खरा नाही. बाखच्याच १७२९ च्या ‘डेर गाइस्ट हिल्फ्ट’साठी गायकांच्या ओळी वाद्यांवर वाजवण्याचे कागद उपलब्ध आहेत. साथ असली की सूर उतरत नाही. मात्र थंड चर्चमध्ये ऑर्गनच्या पाइपांचा सूरच खाली येतो, म्हणून चेलो तिथे पोचल्यावर लावा, घरून लावून आणू नका.

अर्धवर्तुळात उभे राहा, बास मधोमध, सगळ्यांना त्याचं ऐकू येईल असा. हात हलवणारा कुणी नको. सुरुवात पहिल्या सोप्रानोच्या श्वासावर, तिच्या खांद्यांकडे बघून. जागेवर गेल्यावर एक टाळी वाजवा आणि घुमणं किती वेळ टिकतं ते ऐका. जितकं जास्त, तितकी लय सावकाश आणि व्यंजनं तितकी स्पष्ट. एकाला दहाव्या बाकावर बसवून ऐकायला सांगा, आणि तो जे सांगेल ते माना, उभ्या जागेवरून काही कळत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण मोटेट गाऊन बघू नका. सुरुवाती, शेवट आणि ‘निश्ट्स’चे विराम, एवढंच. वह्या घट्ट धरा, कारण पान उलटल्याचा आवाजही त्या विरामांत ऐकू जातो. आणि शेवटचा स्वर सोडल्यावर वही लगेच मिटू नका. छतातून त्याचा घुमारा पूर्ण परत येऊन जिरेपर्यंत तसेच उभे राहा.