बाळाचं आडनाव सातव्या महिन्यातच ठरवा

माझी लेक ऑगस्ट २०२४मध्ये नाशिकला झाली. तिचे वडील आणि मी एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही. माझं पहिलं लग्न २०१९मध्ये कोर्टातून सुटलं. त्या लग्नातला मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि तो त्याच्या वडिलांचं आडनाव लावतो. घर एक आणि आडनावं तीन, असं आमचं आहे. आमच्यासारख्या घरात बाळ येणार असेल तर काय करायचं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर डिस्चार्जच्या दिवशीचं रडणं वाचलं असतं. म्हणून लिहितेय.

त्या दिवशी काउंटरवरच्या ताईंनी जन्माच्या माहितीचा फॉर्म भरून सहीला पाठवला. माझ्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून आईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतला. मुलीचं वजन, जन्माची वेळ, सगळं बरोबर. मग ती थांबली आणि कागद माझ्यासमोर धरला. वडिलांच्या रकान्यात माझ्या पहिल्या नवऱ्याचं नाव होतं. त्या ताईंनी मुद्दाम काही केलं नव्हतं. भरती होताना मी आधार दिलं होतं आणि त्यावर अजून माझं लग्नानंतरचं नाव होतं: माझं नाव, मधे त्याचं नाव, शेवटी त्याचं आडनाव. आपल्याकडे बाईच्या नावात मधलं नाव कुणाचं असतं ते सगळ्यांना ठाऊक. त्यांनी ते सरळ वडिलांच्या रकान्यात उतरवलं. आईनं वाचलं नसतं तर मी सही केली असती, इतकी थकले होते.

त्यामुळे पहिलं काम बाळाच्या नावाचं नाहीच. आधी स्वतःचे कागद काढा. घटस्फोटाला पाच वर्षं झाली असली तरी आधार, बँक आणि पॅनवर जुनं नाव तसंच राहून जातं. नोकरीत त्याच नावानं पगार येतो, मग बदलायचं राहतं. माहेरच्या नावावर यायचं असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा आणि राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राच्या त्या पानावर बाकीचे कागद बदलता येतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलू देतात, तेव्हा एकदाच नीट ठरवा. हे बाळंतपणाच्या आधी उरकलं तर उत्तम. नाही उरकलं तर रुग्णालयात भरती होतानाच एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या, की आईचं नाव असं लावायचं आणि वडिलांच्या रकान्यात अमुक लिहायचं किंवा तो रिकामा ठेवायचा. प्रसूतिकळा सुरू झाल्यावर हे समजावून सांगायचं त्राण कुणातच नसतं.

आता कायदा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा आहे. बाळाला कुणाचं आडनाव लावावं, यावर त्यात एक शब्द नाही. वडिलांचंच लावलं पाहिजे, ही आपल्या डोक्यातली सवय आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात बाळंतपण झालं तर रुग्णालय ती पाठवतं. त्या खबरेत बाळाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. पुढे १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. ही सवलत आमच्यासारख्यांच्या फार कामाची आहे, कारण आईवडिलांचे रकाने लगेच भरावे लागतात, पण बाळाचं नाव-आडनाव थोडं थांबू शकतं. घरात अजून ओढाताण चालू असेल तर थांबा. एकदा दाखल्यावर चढलेलं नाव खोडून दुसरं लिहिणं सोपं नाही. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती करायची पद्धत आहे आणि ती मुख्यतः चुकीसाठी आहे, मन बदललं म्हणून नाही.

वडिलांचं नाव लावायचं का, हा वेगळा प्रश्न आणि तो आडनावाच्या आधीचा. एकटी आई असाल आणि लावायचं नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५चा निकाल तुमच्या पाठीशी आहे. एकल पालक किंवा अविवाहित आईनं दाखला मागितला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. बाप कोण, हे जन्मनोंदणीच्या खिडकीवर सांगत बसायची गरज नाही. या निकालाची एक प्रत पिशवीत ठेवा. खिडकीवरच्या माणसाला ती माहीत नसणं शक्य आहे, आणि वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवणं बरं पडतं.

आम्हाला दोघांचंही नाव हवं होतं. आम्ही एकत्र प्रतिज्ञापत्र केलं: विवाह झालेला नाही, बाळ आम्हा दोघांचं आहे, वडिलांचं नाव लावायला दोघांची संमती आहे. सोबत दोघांचे आधार. खिडकीवर लग्नाचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर तिथल्या बाई गप्प झाल्या, मग आत जाऊन साहेबांना विचारून आल्या आणि कागद घेतले. या सगळ्यात दीड तास गेला, पण आवाज कुणी चढवला नाही. फॉर्मच्या सांख्यिकी भागात 'विवाहाच्या वेळी आईचे वय' असाही एक रकाना असतो आणि एकापेक्षा जास्त विवाह झाले असतील तर पहिल्या विवाहाच्या वेळचं वय लिहायचं असतं. ते वाचून दचकू नका. ती माहिती दाखल्यावर येत नाही.

घटस्फोट नुकताच झालाय किंवा अजून व्हायचाय, त्या बायकांनी पुढचं नीट वाचा. लग्न कायम असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईनं पुन्हा लग्न केलेलं नसताना बाळ झालं, तर कायदा त्या नवऱ्यालाच बाप धरतो. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम ११२मध्ये होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६मध्ये आहे. माझ्या एका मैत्रिणीची केस कोर्टात पडून होती आणि तिला दिवस गेले. तिनं दुसऱ्याचं नाव लिहून टाकायचं ठरवलं होतं. मी तिला हात जोडून वकिलाकडे नेलं. नोंदणीत खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि ते निस्तरताना त्रास लेकराला होतो. अशा वेळी आधी वकील, मग फॉर्म.

आता आडनाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर या क्रमानं लिहायचं आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझी लेक त्यानंतरची, म्हणून माझं नाव तिच्या नावात आपोआप आलं. हे वाचून मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मुलाच्या नावात मी कुठेच नाही. अनाथ आणि तशा अपवादात्मक प्रकरणांत या क्रमातून सूट आहे, त्यामुळे वडिलांचं नाव नसेल तर अडून राहायचं कारण नाही.

राहिलं शेवटचं पद. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. लसीकरण, शाळा, दवाखाना, पासपोर्ट यासाठी बहुतेक वेळा कोण जाणार? मी. मग माझं आडनाव असलं की प्रत्येक खिडकीवर नातं सिद्ध करत बसावं लागत नाही. दुसरं, उद्या आम्ही दोघं वेगळे झालो तर? हे बोलताना त्याचा चेहरा उतरला, पण एकदा भाजलेली मी, हा प्रश्न गिळणं मला जमलं नसतं. तिसरं, मुलाचं आडनाव लेकीला लावून भावंडांची नावं जुळवावीत का? सासूबाई म्हणवून घ्यायला ज्यांना आवडतं त्या त्याच्या आईंनीच यावर 'छे, त्या माणसाचं तिला काय?' म्हणून निकाल लावला. शेवटी माझं माहेरचं आडनाव ठरलं. त्याच्या घरी दोन महिने अबोला होता. बारशाला मात्र सगळे आले आणि पाळण्याची दोरी आत्याच्याच हातात होती.

तुम्ही बाळाच्या वडिलांचं लावाल, जोडून दोन्ही लावाल, चालेल. जोडआडनाव लावणार असाल तर एवढं बघा की प्रत्येक कागदावर ते तसंच्या तसं, मधल्या रेघेसकट किंवा रेघेशिवाय, एकाच पद्धतीनं येतंय.

आडनावानं काय होत नाही, हेही सांगते, कारण घरोघरी भांडण यावरूनच होतं. वडिलांचं आडनाव लावलं म्हणून वारसा मिळत नाही आणि नाही लावलं म्हणून जात नाही. लग्नाशिवाय एकत्र राहत असाल तर मृत्युपत्र करा, ते आडनावापेक्षा लाखपटीनं उपयोगी आहे. पोटगीचंही तसंच. आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या मुलाला वडिलांकडून पोटगी मागता येते. जातही आडनावानं ठरत नाही. जातीचा दाखला सहसा वडिलांकडच्या कागदांवर निघतो, पण आई-वडिलांच्या जाती वेगळ्या असतील तर मूल कुठे आणि कसं वाढलं ते पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये म्हटलंय. पासपोर्टला २०१६च्या डिसेंबरपासून आई किंवा वडील, एकाचंच नाव चालतं. पॅनवरही एकल आई असेल तर २०१८पासून वडिलांच्या नावाची सक्ती नाही.

मोठ्या मुलाचं आडनाव बदलावं का, यावर माझं मत बदललं. आधी मला वाटायचं, ताबा माझ्याकडे आहे, बदलून टाकू. पण वडील हयात आहेत आणि दर रविवारी त्याला भेटतात. त्यांची संमती किंवा कोर्टाचा आदेश याशिवाय हात लावायचा नाही, असं वकिलांनी बजावलं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२मध्ये आईला मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आहे असं सांगितलं, ते वडील वारल्यावर पुन्हा लग्न केलेल्या आईच्या बाबतीत. उलट मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२५मध्ये, नवऱ्याशी वाद असलेल्या एका आईची जन्मनोंदीत फक्त आपलंच नाव ठेवायची मागणी फेटाळली आणि तिला ५,००० रुपये भरायला लावले. मुलाची नोंद हे आईबापाच्या भांडणातलं हत्यार नाही, हे मला पटलं. मुलालाही विचारलं. तो म्हणाला, 'हजेरीत माझा नंबर बदलेल का? मग नको.' दारावरच्या पाटीवर आम्ही आता चौघांची नुसती नावं लिहिली आहेत.

दाखला हातात आला की खिडकीवरून हलू नका. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ओळी अक्षर अक्षर लावून वाचा. आमच्या दाखल्यात मराठीत आडनाव बरोबर होतं आणि इंग्रजीत एक अक्षर जास्त. माझ्या आधारवरचं स्पेलिंग वेगळं होतं. तिथल्या तिथे दाखवलं म्हणून दुपारपर्यंत दुरुस्त होऊन मिळालं. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे, तेव्हा एका अक्षरासाठीही थांबा. चार प्रती जास्तीच्या काढा, आणि प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत लॅमिनेट करू नका.