आयर्लंडमधल्या भाड्याच्या घरात गरम पाणी

आयर्लंडमध्ये सुट्टीसाठी जुनं घर घेतलंत तर बाथरूममध्ये गीझर शोधू नका. पाण्याची टाकी बहुधा टॉवेल-चादरींच्या कपाटात असते. तिच्या ‘इमर्शन’ला, म्हणजे टाकीतल्या विजेच्या हीटरला, दोन बटणं: एक चालू-बंदचं, दुसरं ‘सिंक’ आणि ‘बाथ’चं. ‘सिंक’वर टाकीचा फक्त वरचा भाग तापतो, म्हणजे भांडी घासण्यापुरतं पाणी. चौघांच्या अंघोळीला ‘बाथ’च लावा, तेही तासभर आधी. नंतर आठवणीने बंद करा. वीज महाग आहे, आणि हे बटण चालू राहिलं म्हणून आयरिश घरांतही भांडणं होतात!

विजेचा शॉवर असेल तर टाकीची वाट पाहायला नको, तो पाणी जागेवरच तापवतो. मात्र छताला लोंबणारी दोरी ओढा किंवा दाराबाहेरचं बटण दाबा. त्याशिवाय शॉवर सुरूच होत नाही.