एका नॉबच्या जुन्या मेटल डिटेक्टरकडून काम कसे करून घ्यावे

ज्या यंत्राविषयी हे लिहीत आहे त्याला पडदा नाही, त्यावर आकडे उमटत नाहीत आणि फिरवायला नॉब एकच आहे. तेसोरो कंपनीच्या कॉम्पाद्रे या मेटल डिटेक्टरमध्ये ‘बंद’पासून नॉब फिरवला की यंत्र सुरू होते आणि तोच नॉब पुढे फिरवत गेले की कोणते धातू गाळायचे ते ठरते. संवेदनशीलता कारखान्यातच ठरवून दिलेली असते, वजन किलोभर भरते आणि नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी घातली की काम भागते. अ‍ॅरिझोनातील प्रेस्कॉट गावची ही कंपनी २०१८ साली बंद झाली, त्यामुळे हे यंत्र आता वापरलेलेच मिळते. इंग्लंडच्या पूर्व भागातील नांगरलेल्या शेतांत मी अनेक वर्षे याच यंत्राने शोध घेत आलो आहे. बरोबरच्या मंडळींकडे ड्यूस टू किंवा मँटिकोरसारखी हजार पौंडांच्या पुढची यंत्रे आली, तरी माझे यंत्र मी बदलले नाही. हट्ट म्हणून नव्हे. माझ्या शेतांत ते पुरते म्हणून. मात्र साधे यंत्र पुरवून घ्यायचे तर ते वापरण्याची रीत अंगवळणी पडावी लागते, आणि ती रीत पुस्तिकेच्या चार पानांत मावत नाही.

आधी यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. कॉइल, म्हणजे दांडीच्या खालच्या टोकाची चपटी तबकडी, जमिनीत सेकंदाला सुमारे बारा हजार आवर्तने करणारे चुंबकीय क्षेत्र सोडते. त्याने धातूच्या तुकड्यात आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र कॉइलकडे परत येते. परत येणारा हा संकेत किती मागे रेंगाळतो यावरून यंत्र धातूंची एक रांग लावते: सुरुवातीला लोखंडाचा खिळा, मग अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, मग कॅनची ओढायची टॅब, आणि शेवटी तांब्याची व चांदीची जाड नाणी. नॉब या रांगेत एक रेघ ओढतो. रेघेच्या अलीकडचे गप्प बसते, पलीकडचे बोलते. सोन्याची बारीक अंगठी फॉइल आणि टॅब यांच्या गर्दीत येते, हे सर्वात महाग यंत्रालाही टळलेले नाही. पडद्यावर आकडा दिसला तरी तो आकडा टॅबचाही असू शकतो, आणि खात्री करायला शेवटी खणावेच लागते.

शेतात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरातल्या टेबलावर घालवावी. टेबल लाकडी असावे आणि कॉइलखाली खिळे-स्क्रू नसावेत. हातातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि कॉइल टेबलाच्या कडेबाहेर आडवी धरावी. मग एकेक वस्तू कॉइलपासून वीतभर अंतरावरून हलवत नेत नॉब हळूहळू पुढे फिरवावा आणि कोणती वस्तू कोणत्या खुणेवर गप्प होते ते टिपून ठेवावे. मी नॉबभोवती कागदी चिकटपट्टीची चकती लावून तिच्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. यंत्रावरच्या छापील खुणा अमेरिकी नाण्यांच्या आहेत आणि आपल्याला आपल्या मातीतल्या वस्तू शोधायच्या आहेत, हे लक्षात ठेवावे.

चाचणीसाठी नाणी निवडताना एक फसगत हमखास होते. ब्रिटनमधली एक आणि दोन पेनीची नाणी १९९२पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, आणि पाच व दहा पेनीची नाणीही २०१२पासून पोलादाचीच होतात. अशी नाणी घेऊन चाचणी केली की यंत्र चित्रविचित्र उत्तरे देते आणि नवशिक्याला वाटते की यंत्र बिघडले. आपल्याकडची अलीकडची रुपयाची नाणीही चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असल्याने या कामाला निरुपयोगी आहेत. १९९२पूर्वीची ब्राँझची पेनी आणि १९४६पर्यंतचे चांदीमिश्रित सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनीचे जुने नाणे, घ्यावे, त्यांच्या जोडीला गंजलेला खिळा, चॉकलेटची चुरगळलेली फॉइल, कॅनची टॅब आणि बाटलीचे बूच ठेवावे. बुचाकडे विशेष लक्ष द्यावे. लोखंडाचे असूनही त्याची चपटी गोल चकती कित्येकदा नाण्याच्या ऐटीत बोलते.

शेतात नॉब कुठे ठेवावा हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पहिल्या वर्षी मी तो चुकीचा सोडवला होता. कचरा नको म्हणून मी नॉब टॅबच्या पलीकडे नेऊन ठेवत असे. एकदा माझ्या मागून चालणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी मी नुकत्याच ओलांडलेल्या सरीतून मध्ययुगीन चांदीच्या पेनीचा चतकोर काढला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. आख्खी पेनी जेमतेम दीड ग्रॅमची असते. तेराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड पहिल्याच्या राजवटीत गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीची नाणी, नियमितपणे पाडली जाऊ लागेपर्यंत सुट्टे पैसे म्हणून पेनी कापून तिचे अर्धे आणि पाव तुकडे वापरत. नखाएवढ्या त्या पातळ तुकड्याचा संकेत चांदीच्या जाड नाण्यासारखा येत नाही, तो फॉइलच्या आसपास येतो. त्या दिवसापासून नॉब खिळा जेमतेम गप्प होईल तिथेच ठेवतो, त्यापुढे नाही. फॉइल आणि शिशाचे तुकडे खणावे लागतात. त्याला इलाज नाही.

यापुढचे काम अंगठ्याचे आहे. कॉइल फिरवताना आवाज आला की थांबावे, त्याच जागेवर कॉइल लहान फेऱ्यांनी पुढे-मागे करावी आणि नॉब अंगठ्याने हळूहळू पुढे सरकवावा. आवाज जिथे तुटू लागतो ती जागा टेबलावरच्या रेघांशी ताडून पाहिली की जमिनीत काय असावे याचा अंदाज येतो. फॉइलच्या खुणेवर तुटला तर पातळ काहीतरी आहे, टॅब ओलांडूनही टिकला तर जाड तांबे किंवा चांदी असण्याचा संभव आहे. अंदाज घेऊन झाला की नॉब मूळ जागी आणायला विसरू नये. ही चूक मी अजूनही करतो आणि पाचपन्नास पावले मुक्याने चालल्यावर ती ध्यानात येते.

आवाजाचा पोत ओळखणे हे त्याहून सावकाश येणारे ज्ञान आहे. नाण्याचा आवाज गोल आणि भरीव असतो. कॉइल डावीकडून उजवीकडे नेली तरी तसाच आणि परत आणली तरी तसाच. खिळ्याचा आवाज कातरलेला असतो, एका दिशेने ‘टिक्’ आणि परतीच्या दिशेने काहीच नाही. शंका आली तर आपण स्वतः नव्वद अंशांत वळून त्याच जागेवर पुन्हा कॉइल फिरवावी. लोखंड बहुतेक वेळा या फिरकीत उघडे पडते. घोड्याची नाल किंवा नांगराचा तुटलेला फाळ मात्र चांगला फसवतो, कारण मोठे लोखंड गोड बोलते. त्यासाठी कॉइल हळूहळू वर उचलावी. नाण्याचा आवाज वीतभर वर गेल्यावर विरतो, पण कॉइल गुडघ्यापर्यंत आली तरी आवाज कायम असेल तर खाली नाणे नाही, लोखंडाचा गोळा आहे. काही सिग्नल असे येतात की दहा फेऱ्यांत दोनदाच स्वच्छ वाजतात. जुन्या वस्तीच्या जागी, जिथे खिळ्यांचा खच पडलेला असतो, तिथे असे अर्धवट सिग्नल मी खणतो, कारण नाणे खिळ्याच्या आड असले की असेच बोलते. येथे लहान कॉइलचा खरा फायदा मिळतो. पावणेसहा इंची गोल कॉइलखाली एका वेळी एखाददुसरीच वस्तू येते, आणि या यंत्राचा आवाज झटकन थांबत असल्याने शेजारचे नाणे वेगळे ऐकू येते. खोली मात्र पाच-सहा इंचांच्या पुढे फारशी मिळत नाही, हे मान्य करून चालावे.

कॉइल जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकवून ठेवावी. फेरीच्या दोन्ही टोकांना हात वर उचलला जाण्याची सवय सर्वांनाच असते आणि त्या टोकांवरची जमीन न तपासताच मागे पडते. कापणीनंतरची धसकटे उंच असतील तर पिकाची पुढची नांगरट आणि सपाटणी होईपर्यंत थांबणे चांगले. पाऊस पडून ढेकळे बसलेली जमीन सर्वात उत्तम. वस्तूची नेमकी जागा काढायला वेगळे बटण नाही, म्हणून एकदा उभी आणि एकदा आडवी फेरी मारून आवाज जिथे सर्वात ठळक येतो त्या दोन रेघांच्या छेदावर फावडे लावावे, आणि तेही चार बोटे बाजूला. मध्यभागी लावलेल्या फावड्याने कापलेले नाणे पाहण्याइतके वाईट दुसरे काही नाही. गवताळ जमिनीत तीन बाजूंनी कापून मातीचा गड्डा उलटवावा आणि काम झाल्यावर तो पायाने दाबून बसवावा. शेतकरी पुन्हा बोलावतो की नाही, हे त्या गड्ड्यावरच ठरते.

यंत्र विनाकारण टिकटिकू लागले तर दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम आजूबाजूला पाहावे: वर विजेच्या तारा आहेत का, जवळ जनावरांसाठीचे विद्युत कुंपण आहे का. कुंपणाचा आवाज ठरावीक लयीत येतो, तो एकदा ओळखता आला की गोंधळ होत नाही. त्यानंतर कॉइलची वायर पाहावी. ती दांडीभोवती घट्ट गुंडाळलेली नसून लोंबत असेल तर फेरीगणिक खोटा आवाज येतो. कॉइलच्या प्लास्टिक आवरणात ओली माती अडकली असेल तर आवरण काढून धुवावे. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर बॅटरी काढून तो टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा. आतल्या पट्टीवर बसलेली धूळ बहुधा तेवढ्याने झडते. बॅटरी नेहमी अल्कलाइन घ्यावी, खिशात एक जास्तीची ठेवावी आणि हंगाम संपला की काढून ठेवावी. वापरलेले यंत्र विकत घेताना बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट साका दिसतो का ते पाहावे, कॉइलच्या मुळाशी वायर हलवून आवाज तुटतो का ते ऐकावे आणि कॉइलवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. निरोगी कॉइल टिचकीला उत्तर देत नाही. कंपनीच राहिली नसल्याने तिच्या दुरुस्तीच्या हमीला आता अर्थ उरलेला नाही, आणि किंमत ठरवताना हे मनात धरावे.

जुन्या यंत्राचे कौतुक करताना लोक स्टॅफर्डशरच्या ठेव्याचा दाखला देतात. २००९ साली टेरी हर्बर्ट यांना चौदा वर्षे जुन्या डिटेक्टरने अँग्लो-सॅक्सन काळातील सुमारे चार किलो सोने सापडले, हे खरे आहे. पण त्यावरून जुने यंत्र नव्याहून सरस ठरते असे मला वाटत नाही. सोने नांगरटीच्या थरात वर आलेले होते आणि ते त्या शेतात होते. तिथे कोणतेही चालू यंत्र ओरडले असते. यंत्रावर हजार पौंड घालण्याआधी जुने नकाशे पाहणे, मोडलेल्या वाटा आणि विहिरी शोधणे आणि परवानगीसाठी आणखी दोन शेतकऱ्यांची दारे ठोठावणे, यांवर वेळ घालावा.

तरीही दोन ठिकाणी हे यंत्र घेऊन जाऊ नये. पहिले म्हणजे समुद्राची ओली वाळू. खारे पाणी स्वतःच विजेचे वाहक असल्याने एका वारंवारतेवर चालणारे यंत्र तिथे सतत किंचाळते, आणि एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी नवी यंत्रे तिथे निर्विवाद सरस आहेत. शिवाय ती पाण्याखाली चालतात, हे यंत्र भिजले की संपले. भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत मात्र बेलाशक वापरावे. दुसरे म्हणजे लोहखनिजांनी भरलेली जमीन. या यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याचा वेगळा नॉब नाही, ते कारखान्यात एकदाच जुळवलेले असते. इंग्लंडच्या चुनखडीच्या आणि चिकणमातीच्या शेतांत ते खपून जाते, पण दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या मॅग्नेटाइटपुढे किंवा कोकणातल्या जांभ्यापुढे ते खपणार नाही. तुमची शेते अशी असतील किंवा तुमचा ओढा समुद्राकडे असेल, तर नवे यंत्र घ्यावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

कायदा यंत्राची किंमत पाहत नाही. इंग्लंडात जमीनमालकाची परवानगी लेखी घ्यावी आणि संरक्षित पुरातत्त्वीय स्थळांवर यंत्र नेऊ नये. तिथे विशेष परवान्याशिवाय ते वापरणे गुन्हा आहे. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू सापडली, किंवा एकाच ठिकाणी अशी दोन नाणी मिळाली, तर १९९६च्या कायद्यानुसार चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवावे लागते. सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा जिल्ह्याचा फाइंड्स लायझन अधिकारी यात मदत करतो. २०२३पासून काही विशेष महत्त्वाच्या वस्तू धातू कोणताही असला तरी या कायद्याखाली येऊ शकतात, म्हणून शंका आली की विचारावे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत.

गावाकडचे नातेवाईक मला दर खेपेला विचारतात की यंत्र का आणत नाही, गढीच्या मागे नक्की काहीतरी पुरलेले आहे. १८७८चा निखात निधी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे; जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि संरक्षित किल्ल्याच्या किंवा स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणता येत नाही. गढीच्या मागची जमीन तर निव्वळ जांभ्याची आहे. म्हणून गावी निघण्याआधी मी यंत्रातली बॅटरी काढतो, वायर दांडीला गुंडाळतो आणि ते कपाटात उभे करून ठेवतो.