एलजीबीटी तरुणांच्या ऑनलाइन आधारासाठी नाटकाचा मदतनिधी प्रयोग: पुण्यात कसा करायचा

एलजीबीटी (समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे) तरुणांशी ऑनलाइन बोलून त्यांना धीर देणाऱ्या सेवेला पैसा दर महिन्याला लागतो आणि नाटकाचा प्रयोग पैसा एकदाच देतो. म्हणून तारीख घेण्याआधी हिशेब मांडा. समजा आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, प्रत्येक पाळीला दोन स्वयंसेवक बसणार. स्वतंत्र सिमचा रिचार्ज ₹३००, समुपदेशकाच्या महिन्यातून दोन मार्गदर्शन बैठकांचे ₹३,००० आणि स्वयंसेवकांचा डेटा-प्रवास ₹१,२००. महिन्याचे झाले ₹४,५००. आता १०० खुर्च्यांच्या रंगमंचावर ₹३०० ची ८० तिकिटं खपली, तर जमा ₹२४,०००. त्यातून भाडं आणि लाइट-साउंड ₹१०,०००, दोन एकांकिकांच्या संघांचं नेपथ्य आणि टेम्पो ₹५,०००, लेखकांचं मानधन ₹२,०००, छपाई ₹१,०००, चहा-नाश्ता ₹१,५०० वजा केले की उरतात ₹४,५००. सगळी धावपळ करून सेवेचा एक महिना निघतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे दर विचारून घाला. पण चित्र फारसं बदलत नाही. खरं काम आहे ते त्या ८० प्रेक्षकांतून महिन्याला ₹१५० देणारी ३० माणसं मिळवण्याचं. ती मिळाली की सेवा वर्षभर चालते.

त्यामुळे बालगंधर्व रंगमंदिराच्या मोहात पडू नका. जवळपास हजार खुर्च्यांत दीडशे माणसं विखुरली की नाटक पडतं, आणि भाडंही अंगावर येतं. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा जागा आधी विचारा. नाटक नव्यानं बसवायचीही गरज नाही. पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा झाली की महाविद्यालयांच्या संघांकडे तासाभराच्या एकांकिका तयार असतात. दोन घ्या, मध्ये मध्यंतर. विषय समलैंगिकतेचाच हवा असं नाही; चांगली एकांकिका हवी. परीक्षा आणि दिवाळीचा आठवडा टाळा.

कागदपत्रांत माणसं अडकतात ती शेवटच्या आठवड्यात. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं. संघाकडे असेल तर प्रत मागून घ्या, नसेल तर दोन महिने आधी अर्ज करा. लेखकाची परवानगी लेखी हवी. स्पर्धेसाठी दिलेली परवानगी तिकीट लावलेल्या प्रयोगाला चालेल असं गृहीत धरू नका. रेकॉर्ड केलेली गाणी वाजणार असतील तर त्यांचा परवाना वेगळा. तिकीट ₹५०० पर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही, म्हणून दर त्याखालीच ठेवा.

पैसे नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातच घ्या. कुणा एकाच्या खासगी यूपीआयवर घेतले की हिशेबही बिघडतो आणि विश्वासही. स्वतःचा न्यास नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या. नाहीतर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. तिकिटाच्या पैशांवर देणगीची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही, कारण त्या बदल्यात प्रेक्षकाला नाटक मिळालेलं असतं. वेगळ्या दिलेल्या देणगीवर मिळू शकते, पण रोख ₹२,००० च्या वर दिली तर नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसताना घेऊ नका. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या कमाईतून देत असेल तर ती अडचण नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. पुण्यात मध्यंतराला बटाटेवड्याच्या रांगेत शेजारचे काका भेटतातच. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांतली काही मुलं प्रेक्षकांत असणार, आणि घरी काहीच माहीत नसणार. नाटकाची मोठी सोय हीच की तिथे कुणीही फक्त नाटक बघायला आलेलं असू शकतं. ती सोय मोडू नका. पोस्टरवर मदतनिधीचा हेतू स्पष्ट लिहा, देणाऱ्याला तो कळलाच पाहिजे. तिकिटावर मात्र फक्त एकांकिकांची नावं, वेळ आणि खुर्ची. ऑनलाइन बुकिंगचा एसएमएस वडिलांच्या फोनवर जाऊ शकतो, म्हणून २०-२५ तिकिटं खिडकीवर, रोखीत, नाव न विचारता द्या. एलजीबीटी समुदायाची खूण असलेला इंद्रधनुषी पडदा दारात नको, आत लावा. फोटो फक्त रंगमंचाचे, तेही मागच्या रांगेतून. कितीही आग्रह झाला तरी कुणा मुलाला किंवा मुलीला स्टेजवर बोलावून 'आपली गोष्ट सांग' म्हणू नका. ऐनवेळी तिथे नाही म्हणणं फार अवघड असतं.

देणगीचं आवाहन पहिली एकांकिका संपल्यावर, मध्यंतराच्या आधी, तीन मिनिटांत करा. शेवटी केलंत तर लोक पार्किंगकडे पळतात. "महिन्याला ₹१५०, ३० जण हवेत" एवढाच आकडा सांगा आणि क्यूआर असलेलं कार्ड प्रत्येक खुर्चीवर आधीच ठेवा.

सेवा सुरू करताना व्हॉट्सॲपचा साधा ग्रुप काढू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बोलणं एकास एक ठेवा, गायब होणारे मेसेज २४ तासांवर लावा, आणि पहिला प्रश्न हा विचारा: "आत्ता बोलणं सुरक्षित आहे का? फोन अजून कुणाच्या हातात असतो?" लिंक्ड डिव्हाइसेस तपासायला सांगा, घरच्या लॅपटॉपवर उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप बरंच काही सांगून टाकतं. एक खुणेचं वाक्य ठरवा, जसं "नोट्स उद्या पाठवते". ते आलं की थांबायचं, उलट फोन करायचा नाही.

स्वयंसेवक १८ वर्षांवरचे हवेत. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, एकट्यानं भेटायला जायचं नाही. समोरचं मूल १८ च्या आतलं असेल तर सुरुवातीलाच सांगा की लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे. हे नंतर सांगणं म्हणजे विश्वासघात. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतोय का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर संवाद तोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या (चोवीस तास, मराठीतही), जिवाला लगेच धोका असेल तर ११२, मुलांसाठी १०९८. समुपदेशक नेमताना थेट विचारा: समलिंगी माणसाला 'बदलता' येतं असं तुम्ही मानता का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. उत्तर घुटमळत आलं तर दुसरा समुपदेशक शोधा.

प्रयोगाचा जमाखर्च पंधरा दिवसांत मासिक देणगीदारांना पाठवा. कितीजणांशी बोलणं झालं तो आकडा द्या, किस्से नकोत. नाव बदललं तरी पेठ, कॉलेज आणि वय एवढ्यावरून इथे माणूस ओळखू येतो.