भोगीच्या भाजीपासून मागे मोजा: नाशिकच्या परसबागेसाठी सप्टेंबरचा सल्ला

पितृपक्षात गवार-कारल्याचे भाव कडाडले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "अंगणात चार वेल तरी लावायला हवे होते." हवेच होते, पण जुलैत. आता गवार टोकून सर्वपित्रीला शेंग मिळणार नाही. आता हातात आहे ते जानेवारीचे ताट. म्हणून हिशेब उलटा धरा. १३-१४ जानेवारीला भोगी येईल. त्या दिवशीच्या भाजीतली वांगी, गाजर, वाटाणा, पावटा आणि ओला हरभरा घरचाच हवा असेल, तर कुठले बी कोणत्या आठवड्यात मातीत पडायला हवे?

सगळ्यात घाई वांग्याची. रोप तयार व्हायला चार-पाच आठवडे आणि लावणीनंतर पहिल्या तोड्याला साधारण ६५ ते ७० दिवस, म्हणजे शंभर दिवस इथेच गेले. त्यात थंडीचे आठ-पंधरा दिवस वाढतात. बी याच आठवड्यात टाका. टोमॅटोचेही जवळपास असेच, फक्त त्याचे रोप २५ ते ३० दिवसांत तयार होते. उशीर झालाच तर नर्सरीतून रोपे आणा, महिनाभर वाचतो. मात्र ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जमिनीत गेली पाहिजेत.

गाजराला ९० ते १०० दिवस लागतात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हरभरा ऑक्टोबरच्या मध्यावर टाकला की जानेवारीत घाटे भरतात. वाटाण्याची मात्र घाई नको. ऑक्टोबरची उन्हे त्याला सोसत नाहीत, उगवण विरळ होते आणि उगवलेले रोपही मरीला बळी पडते. रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागले की, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, वाटाणा टोका. ६५ ते ७५ दिवसांत शेंगा हाती येतात.

पावटा आता लावून भोगीला मिळेलच असे नाही. पण जूनमध्ये वालाचा किंवा पावट्याचा वेल लावला असेल आणि चार महिने नुसता पालाच वाढतोय म्हणून तुम्ही तो उपटायला निघाला असाल, तर थांबा. मांडवावर चढणारे जुने गावरान वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. ऑक्टोबरात तुरे दिसतील आणि थंडीभर शेंगा मिळतील. खताचा मारा तेवढा करू नका, नाहीतर पाला आणखी माजेल.

आता पाकिटावरच्या दिवसांबद्दल. "४५ दिवसांत तयार" हे आकडे चांगल्या हवामानातले असतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात रोज बातमीत असतो, काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेला आहे. शहरात भिंतींच्या आडोशाला थंडी थोडी कमी असली तरी डिसेंबर-जानेवारीत झाडे जागच्या जागी बसून राहतात. एरवी २५-३० दिवसांत खुडायला येणारी मेथी तेव्हा आरामात आठवडा-दहा दिवस जास्त घेते. टोमॅटो झाडावर हिरवेच टांगून राहतात. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यानंतर तयार व्हायच्या प्रत्येक पिकाला आठ ते दहा दिवस वाढवून धरा.

दुसरी गोष्ट सावलीची, आणि रो-हाऊसवाल्यांनी ती नक्की तपासावी. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, कंपाउंडच्या भिंतीची सावली पडतच नाही म्हटले तरी चालेल. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की पाच फुटी भिंतीची भर दुपारची सावलीही पावणेपाच फुटांच्या आसपास जाते. तुमचा वाफा दक्षिणेच्या भिंतीला लागून असेल, तर पावसाळ्यात जिथे भेंडी धो धो लागली तिथे हिवाळ्यात ऊन पोचणारच नाही. दिवसही जेमतेम अकरा तासांचा. अशा जागी पालक, कोथिंबीर, पुदिना असे काही ठेवा आणि वांगी, टोमॅटो, वाटाणा उत्तरेच्या भिंतीकडे न्या, तिथे दिवसभर ऊन असते.

बी पेरलेला ट्रे मात्र आताच उघड्यावर ठेवू नका. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या सुमारास लागते आणि हत्तीचा पाऊस संध्याकाळी गडगडाट करत अर्ध्या तासात वाफा धुऊन नेतो. इगतपुरी-त्र्यंबककडे तर तोवर जमिनीला वाफसाही नसतो, म्हणजे माती पेरण्याइतकी सुकलेली नसते. सिन्नर-येवल्याकडच्यांना हाच पाऊस हवाहवासा वाटतो, रब्बीची ओल त्यातूनच मिळते. रोपे ट्रेमध्ये किंवा तळाला भोके पाडलेल्या क्रेटमध्ये करा, गच्चीच्या पत्र्याखाली किंवा शेडनेटखाली ठेवा आणि पाणी सकाळीच द्या. संध्याकाळच्या पाण्याने रात्रभर ओल राहते, रोपे मातीलगत काळी पडून माना टाकतात. मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले शेणखत घातले तर हा त्रास बराच कमी होतो.

तोवर वाफे रिकामे करा. इथेच लोकांचा जीव अडकतो. आठवड्याला चार भेंड्या देणारे झाड "अजून लागतेय की" म्हणून नोव्हेंबरपर्यंत उभे राहते आणि त्याच्यापायी गाजराची जागा जाते. पानांवर हळद्याच्या पिवळ्या शिरा दिसत असतील तर त्याच दिवशी उपटा, पांढरी माशी तो रोग शेजारच्या भेंडीवर नेते. जूनचे वांगे मात्र ठेवा. जुन्या फांद्या छाटून बुडाशी शेणखत दिले की ते पुन्हा फुटते, आणि भोगीचा तोच भरवशाचा गडी.

गाजराला ताजे शेणखत नको, त्याने मुळाला फाटे फुटतात. पूर्ण कुजलेले खत, एक फूट खोल भुसभुशीत माती, खडे वेचलेले. आपल्या काळ्या मातीवर पाणी पडून वाळले की पापडी धरते आणि गाजराचे नाजूक कोंब तिच्याखालीच गुदमरतात. यावर एक साधी युक्ती आहे: गाजराचे बी वाळूत मिसळून ओळीत पेरताना मधेमधे मुळ्याचे बी टाका. मुळा चार-पाच दिवसांत उगवून पापडी फोडतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि ४०-४५ दिवसांत काढून घेतला की जागा गाजराला मोकळी. रोपे चार बोटांची झाली की विरळणी कराच. दोन-तीन बोटांवर एक रोप ठेवा, नाहीतर पेन्सिली निघतील.

पालेभाजीत सगळे पाकीट एकदम टाकायची सवय सोडा. एका दिवशी दहा जुड्या मेथी आणि नंतर महिनाभर काहीच नाही, याला बाग म्हणत नाहीत. वाफ्याचे चार पट्टे पाडा आणि दर आठ-दहा दिवसांनी एक पट्टा पेरा, सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. धने चपलेखाली हलके रगडून दोन फोडी करा आणि रात्रभर भिजवा. पालक उपटू नका, जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापा. तीस-पस्तीस दिवसांनी पहिला काप, पुढे पंधरा-पंधरा दिवसांनी आणखी तीन-चार. पेरणीची तारीख आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलीने लिहून टोकाशी खोचा. पेनाची शाई धुऊन जाते.

काढणीत चूक होते ती उशिराचीच. वाटाण्याच्या शेंगेची चकाकी गेली आणि सालावर जाळी दिसू लागली की गोडी संपली, आता तो उसळीचा. दर तीन-चार दिवसांनी तोडा, मग नवी फुलेही येत राहतात. वांगे अंगठ्याने दाबून खड्डा लगेच भरून आला तर काढा. साल निस्तेज झाली तर आत बिया. मुळा काढायचा राहिला की आत पोकळ होतो. वाटाण्यावर पिठासारखी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारा, कडक उन्हात नको. वालावर मावा आला तर शेंडे खुडा आणि पाच टक्के निंबोळी अर्क मारा.

कांदा घरी पोसत बसण्यात अर्थ नाही, लासलगाव आपल्या जिल्ह्यात आहे. पण मोड आलेले छोटे कांदे नोव्हेंबरअखेर मातीत खोचून ठेवा, भोगीच्या बाजरीच्या भाकरीबरोबर पात मिळेल. लसूण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लावा, कळीचे टोक वर करून. मार्चमध्ये पात पिवळी पडू लागली की पाणी बंद करा आणि पंधरा दिवसांनी काढून पातीसकट वेण्या घालून सावलीत टांगा.

भेंडी, गवार, काकडी, दोडका यांची उन्हाळी लागवड संक्रांतीनंतरच. जमीन थंड असताना टाकलेले बी कुजते, जानेवारीअखेरचे लवकर उगवते. ती जागा आजच ठरवा: मुळा, मेथी आणि हरभरा निघालेल्या वाफ्यांत ही पिके बसतात, टोमॅटो-वांग्यांचे वाफे तोवर रिकामे होत नाहीत.